पाच मुठी पीठ

भयपटांची परीक्षणे लिहिण्याचा अधिकार मला कोणत्याही अंगाने नव्हता. आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकविले, बालपणी पाठशाळेत राहून जे थोडे मुखोद्गत झाले त्याची रोज पहाटे उजळणी केली, आणि निवृत्तीपर्यंत चित्रपटगृहाची पायरी फारशी चढलो नाही. ती चढायला लावली माझ्या शेजाऱ्यांनी. ते मूळचे पाचोडचे, पाटबंधारे खात्यात कालव्यांवर नोकरी करून निवृत्त झालेले. पडेगावात आमच्या दोन घरांच्या मध्ये छातीइतक्या उंचीची एक भिंत होती. भुताखेतांच्या चित्रपटांचे त्यांना विलक्षण वेड. त्यांच्या पत्नीला, म्हणजे वहिनींना, त्या चित्रपटांचे नावही सहन होत नसे, मुलाला वेळ नसे. माझी पत्नी निवर्तली त्याच्या पुढच्या वर्षी एका दुपारी ते भिंतीवरून म्हणाले, “गुरुजी, घरात एकटं बसून भिंतीकडं बघत राहता. त्यापेक्षा माझ्यासंगं चला. तिथं भिंतीतून निदान कुणी बाहेर तरी येतं.”

मी गेलो. पुढे चार वर्षे जात राहिलो, आणि पाहिलेल्या प्रत्येक चित्रपटावर लिहीतही राहिलो. त्या परीक्षणांपैकी एक मी लिहायला नको होते. ते का, हे सांगण्यासाठीच हे टिपण आहे.

आमचा क्रम ठरलेला असे. आठवड्याच्या मधल्या एखाद्या वारी दुपारचा खेळ. चित्रपटगृहातील गारव्यापासून बचाव म्हणून मी उपरणे कानांवरून गुंडाळून घेई. शेजारी घरून पुडीत खारे शेंगदाणे आणीत, आणि पडद्यावर कोणी तरुणी एकटी तळघरात उतरू लागली की माझ्या तळव्यावर चार दाणे ठेवून हलकेच म्हणत, “घ्या. ही गेली आता.” परतताना रिक्षात ते मत विचारीत. मी शिक्षक असल्याने साध्या प्रश्नाचेही सविस्तर उत्तर देई. अखेर एकदा ते म्हणाले, “हे रिक्षावाल्याला कशाला ऐकवता? लिहून काढा, रविवारी आरती झाली की वाचू.”

वसाहतीच्या मारुतीपुढे रविवारी सकाळी आरती झाल्यावर पंधरा-वीस माणसे ओट्यावर रेंगाळत. तेथे माझी परीक्षणे वाचली जाऊ लागली. माझी पद्धत जुनीच होती. भयानक रसाचा स्थायीभाव भय, आणि तो कशाने जागा होतो, कशाने झोपी जातो, हे मी एकेका प्रसंगावरून तपाशी. एका चित्रपटातील पिशाच भिंतीतून आरपार जात असे, तरीही खोलीत येताना दार करकरवीत असे. ज्याला भिंत आडवी येत नाही त्याला दाराची गरज का पडावी, असा प्रश्न मी नोंदविला. दुसऱ्या एका चित्रपटातील हडळ दोनशे वर्षे विहिरीत शांतपणे वाट पाहते, आणि मध्यंतराला दहा मिनिटे उरली की तिला अकस्मात घाई होते. तिसऱ्यात एक मांत्रिक तिच्यावर अक्षता टाकीत जे मंत्र म्हणत होता ते विवाहसंस्कारातील होते. मी लिहिले की तो तिला घालवीत नसून सौभाग्याचा आशीर्वाद देत आहे, आणि आयुष्यात प्रथमच कोणी इतक्या आदराने वागविल्यामुळे ती शांत झाली असावी. ओटा हसून लोटपोट झाला. शेजारी म्हणाले, “गुरुजी, तुम्ही तर हडळीलाबी नापास करता.”

चांगल्याला चांगले म्हणण्यातही मी कुचराई केली नाही. एका चित्रपटात एक म्हातारी रोज दोन ताटे वाढते, समोरचे ताट रोज तसेच राहते, आणि एके दिवशी त्यातील भाकरीचा एक तुकडा मोडलेला दिसतो. बाकी काहीही घडत नाही. त्या दृश्यानंतर मला घरी जेवण गेले नाही. दिग्दर्शकाला धीर धरवला असता तर मी त्यास पूर्ण गुण दिले असते. परंतु शेवटी त्याने ताटासमोर एक पांढऱ्या डोळ्यांचा इसम बसविलाच. जे येणार आहे ते न दाखविणे ही फार मोठी शक्ती आहे, आणि ती आपल्या चित्रपटकारांना अद्याप साधलेली नाही, असे माझे मत आहे.

मग तो पंचकाचा चित्रपट आला.

चंद्र कुंभ आणि मीन राशींत असतो, त्या सुमारे पाच दिवसांना पंचक म्हणतात. त्या काळात घरात मृत्यू झाला तर पाठोपाठ नात्यातील आणखी पाच जण जातात, ही समजूत आपल्याकडे खोल रुजलेली आहे. म्हणून दर्भाचे पाच पुतळे करून, त्यांस जवाचे पीठ लावून, ते प्रेतासोबत अग्नीला अर्पण करतात. चित्रपटात हे पुतळे करायचे राहून जातात आणि घरात एकामागून एक माणसे मरू लागतात. पुतळे काळ्या कापडाचे होते, डोळ्यांत खिळे ठोकलेले, आणि ते जिना चढून माणसांच्या छातीवर बसत. मी लिहिले की दर्भाच्या काडीला जिना चढता येत नाही. पुढे असेही लिहिले की प्रत्येक मृत्यूनंतर दिग्दर्शक भिंतीवर एक रेघ ओढतो, आणि तिसऱ्या रेघेपासून प्रेक्षक घाबरणे सोडून मोजू लागतो. मोजणे हे गणित आहे, भय नव्हे.

वाचन संपले. आमच्या ओळीच्या टोकाला एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. त्यांच्या घराने वडिलांच्या पिढीतच बाबासाहेबांच्या मागे धम्म स्वीकारलेला. ते देवळात येत नसत. समोरच्या लिंबाखालच्या बाकावर वर्तमानपत्र घेऊन बसत, आणि माझे परीक्षण मात्र एकही चुकवीत नसत. त्यांनी बाकावरूनच विचारले, “गुरुजी, चित्रपटाचं राहू द्या. ते पुतळे खरंच केले नाहीत तर काय होतं?”

या प्रश्नाला एक गंभीर उत्तर होते. अमुक ग्रंथात काय सांगितले आहे, त्यामागे शोकाकुल माणसाला काहीतरी हातांनी करता यावे ही सोय कशी आहे, आणि एवढे सांगूनही मला स्वतःला निश्चित ठाऊक नाही, असे ते उत्तर. परंतु वीस माणसे हसण्याच्या तयारीत माझ्याकडे पाहत होती.

“पाच मुठी पीठ वाचतं,” मी म्हणालो.

शेजाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत ते हसले. त्यांचा मुलगा मोटारसायकलला टेकून उभा होता, त्याला ते म्हणाले, “ऐकलं का रं? मी पंचकात गेलो तर गुरुजींचं पीठ वाचव.” वहिनी आरतीचे ताट घेऊन पायरी उतरत होत्या. त्या थबकल्या. “देवाच्या दारात काय बोलावं, काही हाय का नाय,” असे पुटपुटून त्यांनी पायरीला हात लावला आणि तो कपाळाला नेला. मुख्याध्यापक हसले नाहीत. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि ते घरी गेले.

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी शेजारी चहाचा पेला हातात घेऊन खुर्चीवर बसले आणि बसल्या जागीच गेले. मुलाने भिंतीवरून मला हाक मारली तेव्हा माझी संध्या नुकतीच आटोपली होती. संध्येच्या संकल्पात त्या दिवसाची तिथी आणि नक्षत्र उच्चारावे लागते. त्या पहाटे मी माझ्या मुखाने शततारका नक्षत्र उच्चारले होते. चंद्र कुंभेत होता. हे मला पंचांग न उघडताही ठाऊक होते, आणि त्या अंगणात फक्त मलाच ठाऊक होते.

दुपारपर्यंत पाचोडची मंडळी आली. अंत्यविधी करणे हा माझा व्यवसाय नव्हे. तरी दिवस कसा आहे हे वसाहतीत मलाच विचारीत. शेजाऱ्यांचे थोरले भाऊ तिरडीपाशी उभे होते. त्यांनी विचारले, “गुरुजी, पंचक-बिंचक काय नाय ना?”

अंगणात रविवारचा सगळा ओटा उभा होता. लिंबाखाली बसणारे मुख्याध्यापकही आले होते. आता ‘आहे’ म्हणालो तर यांच्यासमोर परात घेऊन पीठ भिजवायला बसावे लागेल, आणि यांच्यापैकी प्रत्येकाला माझे वाक्य आठवेल, एवढे मला दिसले. त्यापलीकडचे काही दिसले नाही.

“नाही,” मी म्हणालो.

“मग उचला,” भाऊ म्हणाले.

मी जन्मभर असत्य टाळीत आलो, असे मला वाटत असे. ते अवघ्या दोन अक्षरांच्या श्रमाने सांगता येते, हे त्या दिवशी कळले.

तेरावा झाला आणि त्याच आठवड्यात पाचोडहून निरोप आला, की शेजाऱ्यांची थोरली बहीण गेली. त्या ऐंशीच्या पुढच्या होत्या, वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या. कोणालाही आश्चर्य वाटले नाही. मीही स्वतःला हेच समजावले, आणि समजावताना लक्षात आले की मला समजावावे लागत आहे. दीड महिन्याने वहिनींचे बंधू गेले. त्यांची मूत्रपिंडे निकामी झालेली होती, डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले होते. अंत्यविधीहून परतल्यावर वहिनी ओसरीत बसून राहिल्या, आणि त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून एकदा, दोनदा फिरला. मी भिंतीपलीकडून पाहत होतो. मोजणे हे भय नव्हे असे लिहिणारा मी, दुसऱ्या पेरावर थांबलेल्या त्या अंगठ्याकडे पाहू शकलो नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी पडेगावच्या वळणावर मुलाची मोटारसायकल खडीवरून घसरली. गुडघा खरचटला, याहून अधिक काही नाही. तो वाळूजच्या एका कारखान्यात नोकरीस होता. दुसऱ्या दिवशी तो निघायला लागला तर किल्ली जागेवर नव्हती. वहिनींनी ती लपविली होती, आणि त्या उंबऱ्यात बसल्या होत्या.

“आई, उठ ना. पहिली पाळी आहे.”

“नाय जायचं.”

“अगं काय लावलंय हे? लोक रोज पडतात गाडीवरून.”

“लोकांचं लोकांपाशी. तू घरात बस.”

“काकांनी देवळात सगळ्यांसमोर सांगितलं होतं ना, सगळं थोतांड आहे म्हणून? आणि त्या दिवशी पंचक नव्हतंच. विचार त्यांना. काका, सांगा हिला.”

मी भिंतीपाशीच होतो. मला काहीतरी आत ठेवायचे आहे असे दाखवून मी घरात गेलो.

चार दिवस तो कामावर जाऊ शकला नाही. पाचव्या दिवशी दुपारी वहिनी माझ्या दारी आल्या. हातात भिंतीवरून काढलेली दिनदर्शिका होती, मागे उलटून दुमडलेली. चष्मा असूनही त्यांना बारीक अक्षर दिसत नसे.

“हे गेले त्या दिवसाचा चौकोन हाय हा,” त्या म्हणाल्या. “त्याच्या खाली बारीक काय लिवलंय, तेवढं वाचून दाखवा.”

मला वाचण्याची गरज नव्हती. तरी मी दिनदर्शिका हातात घेतली आणि उजेडात धरली.

“पंचक,” मी म्हणालो.

वहिनी दारातल्या पायरीवर बसल्या. ओरडल्या असत्या तर मला सोसले असते.

“तुम्हाला तवाच ठावं होतं?”

“होय, वहिनी.”

“मग?”

“मला लाज वाटली. त्या ओट्यावर मी बोललो होतो म्हणून.”

त्यांनी दिनदर्शिका परत घेतली, पदराने पुसली आणि गुंडाळली. “पंचकाची शांत करून घ्यायची तर पोरगं तयार पायजे. ते माझं ऐकत नाय, तुमचंच ऐकतं. तुम्ही चारचौघांत हसवलं. आता चारचौघांतच सांगा.”

रविवारी आरतीनंतर मी उभा राहिलो. शेजारी गेल्यापासून वाचन बंद होते. मंडळी आनंदाने ओट्यावर सरकून बसली. माझ्या हातात कागद नव्हता. मी सांगू लागलो, की एका वसाहतीत एक वृद्ध पंडित होता, त्याने पंचकाची थट्टा केली, आणि ज्या दिवशी त्याचा जिवलग मित्र वारला त्या दिवशी पंचक असूनही, केवळ आपल्या थट्टेची लाज राखण्यासाठी, तो भर अंगणात खोटे बोलला. थेट ‘मी’ म्हणण्याचे धैर्य गोळा करायला मला तेवढी वाक्ये लागली.

“कुठं लागलाय हा, गुरुजी?” कुणीतरी विचारले.

“इथंच,” मी म्हणालो.

ओटा हसला. मी म्हणालो, तो पंडित मी आहे. तेव्हा आणखी हसला. एक जण म्हणाला, “गुरुजी आता स्वतःच हिरो झाले.” माझ्या शब्दांवर हसण्याची त्यांना मीच सवय लावली होती, आणि ती सवय आता माझे ऐकेना. मी थांबलो, उपरणे हातात घेऊन नुसता उभा राहिलो, तेव्हा कडेकडेने हसणे विरत गेले.

मुख्याध्यापक बाकावरून उठून ओट्यापाशी आले.

“मी तेव्हा विचारलं होतं, ते हसण्यासाठी नव्हतं,” ते म्हणाले. “माझ्या लहानपणी गावात असल्या गोष्टींनी माणसं कशी मोडतात ते मी बघितलंय. तुमच्यासारख्याच्या तोंडून सरळ उत्तर हवं होतं.”

“मला कळलं होतं, सर.”

“मग आता सांगा. काय होतं?”

“मला ठाऊक नाही,” मी म्हणालो.

ते मान हलवून परत बाकाकडे गेले. त्या मान हलविण्यात क्षमा होती की निराशा, हे मला आजही सांगता येणार नाही. मुलगा मोटारसायकलपाशी उभा होता. तो एकदाही हसला नव्हता. ओटा रिकामा झाल्यावर तो जवळ आला आणि म्हणाला, “काका, म्हणजे होतं.”

“होतं.”

“कधी करायचं?”

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघे पैठणला गेलो. घाटावर असे विधी करणारे एक गुरुजी माझ्या परिचयाचे होते. ऊन चढले होते, गोदावरीचे पाणी पायऱ्यांपासून दूर, हिरवट आणि निश्चल होते. वहिनींनी घरून जवाचे पीठ स्टीलच्या डब्यातून आणले होते. गुरुजींनी दर्भ मोडून पाच पुतळे बांधले आणि डबा उघडला.

“हे कमी पडेल, आई,” ते म्हणाले.

“तिघांपुरतंच आणलंय,” वहिनी म्हणाल्या. “दोघं तर गेली. त्यांचं कशाला?”

गुरुजींचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मुलगाही माझ्याकडे पाहत होता, आणि त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर मी प्रथमच ते पाहिले, जे चित्रपटांतील नटांना कधी साधत नाही. त्याचा रंग उडाला नाही, डोळे विस्फारले नाहीत. तो फक्त अतिशय लक्षपूर्वक पाहू लागला, जणू त्याला कोणीतरी हळू आवाजात त्याचे नाव सांगत होते. उरलेल्या तिघांत आपण असू शकतो, हे त्याच्या आईने पीठ मोजताना गृहीत धरले होते, आणि ते त्याला आत्ता कळले.

“पाचच होतील,” मी म्हणालो. घाटावरच्या दुकानातून आणखी पीठ आणले. विधी यथासांग झाला. मी प्रत्येक मंत्र मनात सोबत म्हटला, एकही वर्ण खाली पडू दिला नाही.

वहिनी त्या दिवसापासून निवल्या. परतताना गाडीतच त्यांना झोप लागली. दुसऱ्या दिवशी त्यांनी किल्ली देव्हाऱ्यामागून काढून मुलाच्या हाती दिली. आता त्या दुपारी पडतात, शेजारणींकडे जातात, धाकट्या जावेशी फोनवर भांडतातही.

मुलगा मात्र बदलला. प्रथम तो निघताना भिंतीवरून सहज विचारी, “काका, निघू ना?” मी म्हणे, “निघ.” मग तो दिवस कसा आहे हे विचारू लागला. मग त्याने भ्रमणध्वनीवर पंचांग घेतले, आणि पंचक दर सत्तावीस दिवसांनी येते हे त्याच्या ध्यानात आले. त्या पाच दिवसांत तो गाडी काढीत नाही, चालत फाट्यापर्यंत जातो आणि कारखान्याच्या बसची वाट पाहतो. चढताना दांडा दोन्ही हातांनी धरतो, असे मला दुसऱ्यांनी सांगितले. जो मुलगा बापाच्या विनोदावर मोकळेपणाने हसत असे, तो आता रस्ता ओलांडण्यापूर्वी उभा राहतो आणि उभाच राहतो. वहिनींचे भय मी पैठणला उतरविले खरे. ते पाण्यात गेले नाही, एवढे मला दिसते.

वसाहतीतील लोक अधूनमधून नव्या चित्रपटाविषयी विचारतात. मी दोनदा एकटा जाऊनही आलो. दोन्ही चित्रपटांत शेवटी एक विद्वान येतो, सर्वांना सांगतो की आता भिण्याचे कारण उरले नाही, आणि सगळे त्याच्यावर विश्वास ठेवतात. ही जागा मला पूर्वी कधी खटकली नव्हती. आता तेवढीच एक जागा अविश्वसनीय वाटते.

मी मुलाला परोपरीने समजावले आहे. दोष गेला, विधी झाला, शास्त्राला याहून अधिक काही अपेक्षित नाही. गेल्या महिन्यात असेच सांगत होतो, तेव्हा त्याने शांतपणे ऐकून घेतले. आवाजात रागाचा लवलेश नव्हता.

“काका, तुम्ही त्या दिवशीही असंच शांतपणे ‘नाही’ म्हणाला होतात,” तो म्हणाला.

आज पहाटे संकल्पात पुन्हा शततारका नक्षत्र आले. आज कारखान्याची बस नाही, हे त्याने कालच सांगितले होते. सहा वाजता तो शिरस्त्राण हातात घेऊन भिंतीपाशी आला आणि त्याने विचारले.

“निघ,” मी म्हणालो.

तो निघाला नाही. माझ्या चेहऱ्याकडे पाहत तेथेच उभा राहिला.